दोन दरवाजे आणि एक घंटा

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये घरी येतो, त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसतात. अंतरपाट धरलेला आहे, भटजींचे ओठ हलतायत, ऐकू मात्र काही येत नाही. आजी म्हणते, "वाढव की जरा." टीव्हीचा आवाज वीसचा चाळीस होतो. मंगलाष्टकं कशीबशी कानावर पडू लागतात, शेवटचं 'सावधान' होतं आणि बँड कडाडतो. पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागतं. रिमोट नेमका सोफ्याच्या फटीत गेलेला असतो. आमच्या वसई-विरारकडे हे दुखणं सर्वधर्मसमभावी आहे. चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरीची वचनं कुजबुजीसारखी येतात आणि दाराबाहेर पाऊल पडताच ब्रास बँड छप्पर उडवतो.

व्हिडिओ जोडून देणाऱ्याला इकडे अजूनही 'मिक्सिंगवाला' म्हणतात. नावात मिक्सिंग असलं तरी मेहनत बहुतेक चित्रावर जाते. रंग चढतात, ड्रोन फिरतो, नवरीचा पदर स्लो मोशनमध्ये उडतो. आवाजाकडे बघायचं म्हणजे गाणं टाकायचं आणि मीटर लाल झाला तर थोडा खाली ओढायचा. यात मिक्सिंगवाल्याचा आळस नसतो. आवाज सांभाळायच्या जागा नेमक्या कुठे आहेत, हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं. माझ्या मते अशा जागा दोनच आहेत.

वसईच्या किल्ल्यात गेलेल्यांना दोन दरवाजे आठवत असतील, एक समुद्राच्या बाजूचा आणि एक जमिनीच्या बाजूचा. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि तटाच्या आत चर्च, मठ, रुग्णालय, वाडे असं अख्खं शहर नांदत होतं. त्या शहराचा सगळा जीव या दरवाज्यांवर होता. समुद्राकडच्या सागवानी दाराला लोखंडी खिळे ठोकलेले होते. आतल्या गल्लीत कोण कोणाशी भांडतंय याची पंचाईत पहारेकऱ्याला नसते. आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय, एवढंच तो बघतो. व्हिडिओतल्या आवाजालाही असे दोन दरवाजे आहेत. इम्पोर्ट, म्हणजे रेकॉर्ड झालेला आवाज संगणकात येतो तो, आणि एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर पडतो तो. मधल्या गल्ल्यांत बरंच काही माफ असतं. दरवाज्यांवर चूक झाली तर ती बहुधा कायमची.

याच किल्ल्याशी जोडलेली घंटाही इथे उपयोगी पडेल. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतलीच मानतात. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि तिनं तर भाषेतच जागा मिळवली. कोणी फार मोठ्यानं बोलू लागलं की त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात.

ध्वनिमुद्रणाच्या अंगानं बघितलं तर ही उपमा थोडी फसवी आहे. लोलक आदळतो तो क्षण प्रचंड मोठा असतो, पण तो क्षणच. मग घुमत घुमत आवाज उतरत जातो. मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि लहरीचं चित्र बघा. एक उंच काठी उभी दिसेल आणि पुढे मांजराच्या शेपटीसारखी बारीक होत जाणारी रेघ. अर्ध्या मिनिटात खरा मोठा आवाज सेकंदभरही नाही. याच्या उलट आमच्या जिल्ह्यातला तारपा. जव्हार, डहाणू, तलासरीकडे कापणीच्या दिवसांत वारली पाड्यांवर तो वाजतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकानं श्वास घेत घेत तोंडानं फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तारप्याच्या लहरीत काठी नसते, सलग जाड पट्टा असतो. घंटेचं शिखर आणि तारप्याचं शिखर मीटरवर एकाच रेषेला आणून ठेवलं तर तारपा कितीतरी मोठा वाटेल. कान शिखर मोजत नाही. त्या आवाजात तो किती वेळ न्हाऊन निघाला, हे तो धरतो.

शिखर एक आणि जाणवणारी मोठाई दुसरी. या दोघांना एकच समजल्यामुळेच भटजी ऐकू येत नाहीत.

आता मीटरकडे. त्यावरचे आकडे पहिल्यांदा बघणारा चक्रावतो, कारण सगळ्यात वर शून्य आणि खाली −६, −१२, −२०, −४०. मोठा आवाज शून्य आणि बारीक आवाज उणे, हे काय गौडबंगाल? नाशिककरांना हे समजावणं सोपं जाईल. गोदावरीच्या पुराची तीव्रता ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, पाणी गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीला लागलं. समजा हेच माप कोणी डोक्यापासून खाली मोजलं. डोकं म्हणजे शून्य, छाती म्हणजे उणे अमुक, गुडघा म्हणजे उणे तमुक. डिजिटल मीटर तसा आहे. शून्य म्हणजे संगणकाच्या आकड्यांची कमाल. १६ बिटच्या फाइलमध्ये आवाजाच्या प्रत्येक क्षणाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक मिळते. सगळ्यात वरच्या पायरीच्या वर पायरीच नाही. आवाज त्याहून मोठा आला तर लहरीचा माथा सपाट कापला जातो. कानाला ते खरखरीत, फाटल्यासारखं लागतं. मिक्सिंगवाले आवाज 'फाटला' म्हणतात. याहून नेमका शब्द मला सुचलेला नाही.

डेसिबलचा हिशेब दुपटीचा आहे. लहरीची उंची अर्धी केली की साधारण ६ डेसिबल उतरतात. म्हणजे −६ हा अर्धा, −१२ हा पाव. आणि कान आणखी सावकाश चालतो. आवाज दुप्पट मोठा झाला असं त्याला वाटायला जवळजवळ १० डेसिबल वाढवावे लागतात. नावातला 'बेल' टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा. आपल्या घंटेशी त्याचा संबंध नाही, पण योगायोग मला आवडतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. गणपतीत पोलीस सांगतात ते डेसिबल वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ते माप ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून वर चढत जातं आणि हवेतला प्रत्यक्ष आवाज मोजतं. आपल्या मीटरवरचा आकडा छतापासून खाली उतरतो आणि फक्त फाइलमधली उंची सांगतो. तीच फाइल इअरफोनवर कुजबुजेल आणि डीजेच्या भिंतीवर खिडक्या हलवेल. 'मी तर −३ वरच ठेवला होता' हे उत्तर शेजाऱ्यांना चालत नाही.

पहिला दरवाजा. खरं तर तो कॅमेऱ्यातच असतो, संगणकात फाइल येते तेव्हा निम्मं भवितव्य ठरून गेलेलं असतं. जाणते लोक रेकॉर्ड करताना बोलण्याची शिखरं −१२ च्या आसपास ठेवतात. म्हणजे लहरीची उंची पाव, उरलेली पाऊण जागा रिकामी. नवशिक्याला ही उधळपट्टी वाटते. पण कार्यक्रमात पुढच्या क्षणी कोण ओरडेल, कोण माइकवर फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' करेल आणि फटाक्यांची माळ कुठे लागेल, हे कोणाला ठाऊक? २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर या रिकाम्या जागेची किंमत जवळपास काहीच नाही. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले तर एकूण पल्ला १४४ डेसिबलचा होतो, त्यातले बारा गेले तर गेले. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटून आलेला शिवता येत नाही. थेंबानं गेलेलं हौदानं येत नाही, ते हेच.

फाटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र ओरडणारा माणूस नसतो. ते असतं साउंडवाल्याकडून घेतलेली वायर. हॉलच्या मिक्सरमधून निघणारा सिग्नल 'लाइन' पातळीचा असतो आणि कॅमेऱ्याच्या छोट्या भोकाला अपेक्षा असते 'माइक' पातळीची. दोघांत साधारण शंभरपट फरक पडू शकतो. लाइन थेट माइकच्या भोकात खुपसली की कॅमेऱ्याचा मीटर लाल खांबासारखा उभा राहतो. मग कॅमेरामन कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे आवाज आत घ्यायची पातळी, खाली आणतो, मीटर हिरवा होतो, सगळे निश्चिंत. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत फाटण्याची जागा गेनच्या आधीच असते. फाटलेला आवाजच छोटा होऊन आत येतो. मीटर हिरवा, आवाज फाटका. उपाय साधा आहे. मध्ये सिग्नल उतरवणारा पॅड लावायचा, किंवा साउंडवाल्यालाच त्याच्या बाजूनं कमी करायला सांगायचं. दुसरं थोडं अवघड, कारण साउंडवाला त्या वेळी चहाला गेलेला असतो.

मोबाइलची गोष्ट निराळी. मोबाइल आपला गेन आपणच फिरवत राहतो. शांतता झाली की वाढवतो आणि पंख्याची घरघर पुढे आणतो, ढोल वाजला की झटकन दाबतो. त्यामुळे ढोलाच्या प्रत्येक ठोक्यानंतर मागची गर्दी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. ज्या ॲपमध्ये हा आपोआप प्रकार बंद करता येतो, तिथे तो बंद करावा. नसेल करता येत तर मोबाइल बँडपासून लांब आणि बोलणाऱ्याजवळ, एवढं पाळलं तरी खूप.

आता माझी एक फजिती. नात्यातल्या एका लग्नात मी हौसेनं भाषणांचा व्हिडिओ केला. हॉलच्या मिक्सरमधून वायर घेतली, लेव्हल जपून ठेवली, घरी हेडफोन लावून संपादन केलं. नवरीच्या काकांचं भाषण खणखणीत होतं. जरासं विचित्र वाटत होतं, आवाज समोरून न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पसरल्यासारखा, पण मी त्याला 'स्टिरिओ' समजून स्वतःची पाठ थोपटली. व्हिडिओ घरच्यांना पाठवला. तासाभरात मामीचा फोन. "अरे, भाषण कुठंय? नुसतं तोंड हलतंय त्यांचं. मागची भांडी वाजलेली ऐकू येतात."

मी माझ्या हेडफोनवर पुन्हा ऐकलं. काका खणखणीत. मामीच्या मोबाइलवर काका गायब.

उत्तर वायरीत होतं. मोठ्या मिक्सरचं 'बॅलन्स्ड' आउटपुट एकच आवाज दोन तारांवर पाठवतं, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. लांब वायरीत शिरणारी गुणगुण पलीकडे पुसून टाकता यावी म्हणून ही युक्ती असते. मी लावलेल्या चुकीच्या वायरीनं सुलटा आवाज डाव्या कानात आणि उलटा उजव्या कानात नेऊन ठेवला. हेडफोनवर दोन्ही कान वेगळे असल्यानं काही बिघडत नाही. मामीचा मोबाइल एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र करतो. अधिक पाच आणि उणे पाच, बेरीज शून्य. उरली ती मागची भांडी, कारण माझ्या दुसऱ्या माइकचा ट्रॅक वेगळा होता. डाव्या बाजूचा आवाज दोन्हीकडे भरला, उजवा फेकून दिला, दोन मिनिटांत काम झालं. व्हिडिओ पुन्हा पाठवला. मामीचा निरोप आला, "आता ऐकू येतंय. पण केवढं बोलतात!"

तेव्हापासून फाइल आत घेताना माझा पहिला प्रश्न आवाज किती मोठा आहे, हा नसतो. तो किती बाजूंचा आहे, हे मी आधी बघतो. कॉलर माइक डावीकडे आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक उजवीकडे, अशी फाइल खूपदा येते. संपादनाचा प्रोग्रॅम तिला स्टिरिओ समजून घेतो आणि नवरदेव आयुष्यभर डाव्या कानात बोलत राहतो. आत घेतानाच दोन वेगळे मोनो ट्रॅक म्हणून घ्यायचे. मोनोचीही एक खोड आहे. एकटा ट्रॅक मधोमध ठेवला की बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो दोन्ही बाजूंना ३ डेसिबल उतरून जातो. दोन स्पीकर मिळून तो मूळ जोराचा वाटावा, असा त्यामागचा हिशेब. 'मूळ फाइल मोठी होती, टाइमलाइनवर आल्यावर हळू का झाली' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असतं. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो.

नमुना दराचं, म्हणजे आवाजाची लहर सेकंदाला किती वेळा मोजली जाते त्याचं, थोडक्यात सांगतो. गाण्यांच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, व्हिडिओत ४८,०००. हल्लीचे प्रोग्रॅम आपणहून रूपांतर करतात. पण कुठे ४४,१०० ची फाइल चुकून ४८,००० समजून वाजली तर गाणं सुमारे नऊ टक्के जलद धावतं आणि स्वर जवळपास दीड अर्धस्वर वर सरकतो. पांढरी चारमध्ये गाणारा गायक काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधल्या फटीत अडकतो. पेटीवाल्याला ते लगेच कळतं, बाकीच्यांना नुसतं 'काहीतरी घाई वाटते'.

दरवाजा ओलांडून आत आलं की थोडं मोकळं व्हायला हरकत नाही. आजचे बहुतेक संपादन प्रोग्रॅम आतला हिशेब ३२ बिट फ्लोटमध्ये करतात. साध्या भाषेत सांगायचं तर आत छत नाही. एखादी क्लिप +८ ला गेली, मीटर लाल झाला, तरी तो माथा अजून कापलेला नाही. पुढे मास्टर, म्हणजे सगळ्या ट्रॅकची एकत्र पातळी, खाली ओढला की सगळं जसंच्या तसं परत येतं. किल्ल्याच्या आतली ही मोकळीक आहे. पण निघताना फाइल १६ किंवा २४ बिटची झाली की छत परत येतं आणि तिथे जे वर आलं असेल ते कापलं जातं.

मधल्या कामात माणसाच्या निर्णयाला खरा वाव असतो आणि इथे माझं मत बऱ्याच मिक्सिंगवाल्यांच्या विरुद्ध आहे. ते आधी गाणं टाकतात आणि मग बोलणं त्यात बसवायला बघतात. उलट करावं. आधी फक्त बोलणं ऐकायचं. भटजी, वचनं, भाषणं, आजीचा आशीर्वाद, हे सगळं एका पातळीला आणायचं. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये 'नॉर्मलाइझ' असतं, पण ते दोन तऱ्हांचं. शिखरावरून नॉर्मलाइझ केलं आणि त्या क्लिपमध्ये पूजेची घंटा एकदा जरी वाजली असेल तर प्रोग्रॅम घंटेची काठी छताला टेकवतो आणि काम झालं म्हणतो. भटजी जिथे होते तिथेच. मोठाईवरून नॉर्मलाइझ केलं तर तो सगळ्या क्लिपची सरासरी जाणीव धरतो. दा विंची रिझॉल्व्हमध्ये हे दोन्ही पर्याय एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. पुष्कळ जण पहिला दिसतो तो दाबून मोकळे होतात.

मग बँड. तो भटजींपेक्षा मोठाच हवा, नाहीतर लग्न लग्नासारखं वाटणार नाही. पण किती मोठा? प्रत्यक्षात बँड मंत्रांपेक्षा कितीतरी डेसिबलनं मोठा असतो. पडद्यावर तो पाच-सहा डेसिबलनं मोठा ठेवला तरी मनाला पुरतो, कारण डोळ्यांना ट्रम्पेट दिसत असतं. गाणं बोलण्याखाली असेल तर ते १२ ते १८ डेसिबल उतरवायचं. ट्रॅक एकावर एक चढवत गेलं की बेरीज होते हेही लक्षात ठेवायला हवं. सारख्या मोठाईचे दोन वेगळे आवाज एकत्र आले की साधारण ३ डेसिबल वाढतात, तंतोतंत तोच आवाज दोनदा आला तर ६. प्रत्येक ट्रॅक हिरवा असून मास्टर लाल होतो तो यामुळे. आणि एक गोष्ट, जी कोणत्याही बटणानं होत नाही. काम करताना स्पीकरची किंवा हेडफोनची कळ फिरवायची नाही. दुपारी एका आणि रात्री दुसऱ्या पातळीवर ऐकत केलेलं काम जुळत नाही. कान थकले की मिक्सिंगवाला कळ वाढवतो, आणि मग फाइलमधलं बोलणं आणखी खाली जातं.

गाण्याच्या चित्रीकरणाचा इथे अपवाद. वसईच्या किल्ल्यात प्री-वेडिंगपासून हिंदी सिनेमापर्यंत सगळं चित्रित होतं. कोल्डप्लेच्या २०१६ मधल्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओतही किल्ला दिसतो. अशा वेळी जागेवर गाणं मोठ्यानं वाजवतात, ओठ त्याबरोबर हलतात, आणि कॅमेऱ्यात आलेला आवाज फक्त जुळवणीपुरता वापरून टाकून देतात. प्री-वेडिंगवाल्यांना म्हणूनच लेव्हलची चिंता नसते. हेवा वाटावा असे लोक.

दुसरा दरवाजा. इथे पहारेकरी तुम्ही एकटे नसता. व्हिडिओ जिथे जायचा तिथेही कोणी बसलेलं असतं.

आलेला आवाज मोजून घेण्याची ही पद्धत टीव्हीनं आणली. जाहिराती कार्यक्रमापेक्षा ओरडतात ही तक्रार जगभर होती. जाहिरातवाले शिखराचा नियम पाळत, पण मधल्या सगळ्या दऱ्या भरून आवाजाचा तारपा करून टाकत. शिखर तेच, मोठाई दुप्पट. आपल्याकडच्या केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलं आहे, पण अवाजवी म्हणजे किती ते नाही. आकडा आला २००६ मध्ये, जेव्हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं मोठाई मोजायची रीत ठरवली. तिच्यातून आलेलं एकक म्हणजे एलयूएफएस, बोलताना 'लफ्स'. या रीतीत कानाच्या आवडीनिवडी धरल्या आहेत. फार खालचा घुमार कमी मोजला जातो, वरचे तीक्ष्ण स्वर थोडे जास्त. आणि शांततेचे तुकडे हिशेबातून वगळतात, नाहीतर मधे दहा मिनिटं गप्प बसून सरासरी उतरवता आली असती. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघानं −२३ ही पातळी ठरवली. अमेरिकेनं −२४ धरली आणि ओरडणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कायदाच केला, तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. नायगावच्या सेटवर मालिका करणाऱ्यांना विचारा, वाहिनीनं दिलेल्या आकड्यात आवाज बसला नाही तर एपिसोड परत येतो, मग त्यात सासूनं कितीही मोठ्यानं किंचाळलेलं असो.

यूट्यूबचा आकडा −१४ च्या जवळ आहे, आणि त्याचं वागणं एकतर्फी आहे. त्याहून मोठा व्हिडिओ तो खाली आणतो, पण त्याहून हळू असेल तर वर उचलत नाही. तुमचा व्हिडिओ −९ चा असेल तर पाच डेसिबल कमी होऊन वाजेल. म्हणजे तुम्ही लिमिटरखाली, म्हणजे शिखरं दाबणाऱ्या साधनाखाली, चेपून मिळवलेली मोठाई गेली आणि चेपलेपणा तेवढा उरला. −२२ चा असेल तर तो शेजारच्या व्हिडिओंपुढे दबलेला राहील. 'एक्स्पोर्ट केल्यावर ठीक होता, चढवल्यावर हळू झाला' याचं हे उत्तर.

म्हणून बाहेर पडताना दोन आकडे बघायचे, सगळ्या व्हिडिओची मोठाई −१४ च्या आसपास आणि शिखर −१ च्या खाली. शिखर शून्यापर्यंत का नेऊ नये? कारण एक्स्पोर्टमध्ये आवाज एएसीसारख्या दाबलेल्या रूपात जातो. दाबताना लहर थोडी बदलते आणि मूळ शिखराच्या किंचित वर उसळते. शिवाय दोन नमुन्यांच्या मधे, जिथे मीटरला काही दिसत नाही, तिथेही लहर वर जाऊ शकते. तो एक डेसिबल म्हणजे भरतीच्या रेषेवर ठेवलेला बांध. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पुन्हा एकदा दाबला जातो, मग तर बांध हवाच. पाच-चॅनेलचा आवाज दोनात उतरवला तर मधल्या चॅनेलची पातळी बदलते आणि तो चॅनेल नेमका बोलण्याचा असतो, हे मोठ्या कामांना लागू. लग्नवाल्यांनी सरळ स्टिरिओ काढावा.

आकडे बसले म्हणजे काम झालं असं मात्र मी धरत नाही. एक्स्पोर्ट झालेली फाइल मी मोबाइलमध्ये टाकतो आणि तीन वेळा ऐकतो. एकदा मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, मामीसाठी. एकदा इअरफोन लावून विरार लोकलमध्ये, जिथे खडखडाटात हळू आवाज बुडतात आणि कोणती वाक्यं गेली ते लगेच समजतं. आणि शेवटी घरी टीव्हीवर, आवाज इतका कमी करून की स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीपुढे तो जेमतेम तग धरेल. त्या बारीक आवाजात बँडचा नुसता थरार उरतो आणि गाण्याची चाल पुसट होते. भटजी तेव्हाही ऐकू आले पाहिजेत. नाही आले तर मी पुन्हा संगणकावर जाऊन बसतो.